रामशेज सर होत नाहीये कारण तो रामशेज आहे

पत्र आधी थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांना कळेल विषय काय आहे:

"ताई, मी नाशिकला इंदिरानगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही सहाजण दर रविवारी रात्री ऑनलाइन रोलप्लेइंग वॉरगेम खेळतो, पाच प्लेअर आणि मी गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा. यावेळी नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याचा वेढा करायचा ठरवलं. चार वीकेंड बसून मी आख्खा किल्ला काढला, १२० बाय ९० चौकोन, प्रत्येक दगडाला सावली, तटबंदी, टाकी, झाडं सगळं. खेळायला बसलो तर एकाचा लॅपटॉप हँग झाला, दीड तास नुसतं चालण्यात गेला आणि मग सगळे दरवाज्यापुढे अडकून बसले. एक मित्र म्हणाला, नकाशा भारी आहे रे, पण आम्ही करायचं काय? ते मला फार लागलं. आता ग्रुपवर कोणी काही बोलत नाही. नकाशा परत काढू का नाद सोडून देऊ? – एक थकलेला गेममास्टर"

अरे थकलेल्या मास्तरा,

मित्राचं बोलणं लागलं ते समजू शकते, चार वीकेंड म्हणजे काही थोडे नाहीत. पण "आम्ही करायचं काय" हा प्रश्न त्याने खेळताना तोंडावर विचारला हे तुझं नशीब, बाकीचे चौघं मनात हेच म्हणत होते आणि पुढच्या रविवारी "अरे आज जमणार नाही" म्हणाले असते. आणि प्रश्न बरोबर आहे रे त्याचा.

रामशेज कशासाठी राखला होता? खालून येणाऱ्याला करण्यासारखं काही उरू नये म्हणून. किल्ला बांधणारा माणूस आयुष्यभर एवढंच बघतो, इथून वर येता येईल का, येईल तर तो कडा तासून टाक, ही घळ सोपी वाटते का, मग तिच्या तोंडावर बुरूज बांध, आणि शेवटी एकच वाट ठेव तीही अशी की चढणाऱ्याच्या डोक्यावर दगड पडतील. म्हणजे समोरच्याचे पर्याय संपवायचे. आणि लढाईचा नकाशा काढणाऱ्याचं काम याच्या अगदी उलटं आहे, त्याला प्रत्येक वळणावर समोरच्याला दोन-तीन पर्याय ठेवायचे असतात, प्रत्येकात थोडा फायदा थोडी गोची. तू किल्ला इतका इमानाने काढलास की तुझे मित्र मुघल फौजेसारखे दरवाज्यापुढे बसून राहिले. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला, आधी शहाबुद्दीन खान आला, मग दुसरे सरदार, आणि पाच वर्षांच्या वर किल्ला हातात आला नाही. तुझी पोरं रविवारी रात्री दीड तासात कंटाळली यात नवल ते काय.

त्यामुळे माझं सरळ म्हणणं, आख्खा किल्ला नकोच. वेढा ही जागेची गोष्ट कमी आणि वेळेची जास्त असते, तो एका नकाशावर मावत नाही. त्या पाच वर्षांतले दोन-तीन प्रसंग उचल आणि प्रत्येकाला छोटा नकाशा दे.

प्रसंगांना तोटा नाही. शहाबुद्दीन खानाने किल्ल्यासमोर लाकडाचा उंच दमदमा उभा करवला होता, त्याच्यावरून आत मारा करता यावा म्हणून. आता नकाशा दमदम्याचा काढ, किल्ला फक्त वरच्या कडेला काळ्या पट्ट्यासारखा दिसू दे. रात्री वरून पंधरा-वीस माणसं उतरतात, त्यांना दमदमा पेटवायचा आहे, खाली छावणी, बैल, लाकडाचे ढीग, तंबू, पहारे. खरंच तो असा पेटवला असं मी म्हणत नाहीये, पण गेममध्ये पेटवायचा प्रयत्न करता आला पाहिजे ना. इथे बघ किती पर्याय आहेत, बैल सोडून गोंधळ करायचा का गुपचूप ढिगाआडून जायचं का सरळ मशाली घेऊन धावायचं.

दुसरा प्रसंग तर आयता आहे. खाफीखान नावाच्या मुघल इतिहासकाराने लिहून ठेवलंय की नंतरच्या सरदाराने, बहादूरखानाने, एका बाजूने मोठा गाजावाजा करून खोटा हल्ला केला आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसं दोराने कड्यावर चढवली, आणि वरच्या मराठ्यांनी पण ते ओळखून एका बाजूला नगारे-आरडाओरडा चालू ठेवला आणि दुसऱ्या बाजूला चढणाऱ्यांची वाट बघत दबा धरून बसले. अरे, दोन्हीकडून फसवाफसवी! दोन छोटे नकाशे शेजारी शेजारी ठेव, एक आवाजाचा आणि एक कड्याचा, आणि वरच्या बाजूवाल्यांना दर राउंडला, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी झाली की, ठरवू दे की कुठल्या नकाशावर किती माणसं ठेवायची. त्याच खाफीखानाने लिहिलंय की किल्ल्यात लोखंडी तोफ नव्हती तर लाकूड पोखरून कातडं मढवून तोफा केल्या होत्या, ती एक लाकडी तोफ नकाशावर ठेव, फक्त दोन-तीनदाच उडणार असा नियम कर, बघ पोरं कशी भांडतात कधी उडवायची यावर.

आणि शेवट लढून झालाच नाही, किल्ला गेला तो पैसे चारून. त्याला तर नकाशा पण लागत नाही, एक खोली, एक समई, दोन माणसं आणि एक थैली. रोलप्लेइंग म्हणतो ना आपण, मग थोडं रोल पण करा.

आता आकाराचं. तू लिहिलंस १२० बाय ९०. एक चौकोन ५ फुटांचा, हे माप बऱ्याच खेळांत चालतं, म्हणजे तुझा रामशेज झाला ६०० फूट बाय ४५० फूट, साधारण १८० मीटर लांब. पेठ रोडने जा, आशेवाडीतून वर चढ आणि मला सांग खरा रामशेज एवढाच आहे का. म्हणजे तो खऱ्या मापाचाही झाला नाही आणि खेळण्याच्या मापाचाही नाही. माणूस एका टर्नला ३० फूट चालतो असं धरलं तर ६ चौकोन, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत २० राउंड. पाच प्लेअर आणि तू, प्रत्येकी दोन मिनिटं धरली तर एक राउंड १२ मिनिटांचा. २० राउंड म्हणजे चार तास. नुसतं चालायला! पळाले तरी दोन तास. तुमचे दीड तास कुठे गेले ते कळलं का आता.

मी साधारण असं बघते की पहिल्या राउंडला, फार तर दुसऱ्या राउंडला, कोणाला तरी कोणीतरी दिसलं पाहिजे आणि काहीतरी करता आलं पाहिजे. त्यासाठी ३० बाय ४० चौकोन भरपूर होतात, कड्याच्या नकाशाला तर २० बाय ३० पण चालतील.

लॅपटॉप हँग झाला त्याचं कारण पण आकारच. तू म्हणशील फाइल तर फक्त काही एमबीची होती. पण फाइल दाबून भरलेली असते, उघडली की प्रत्येक पिक्सेलला मेमरीत ४ बाइट लागतात. एका चौकोनाला १४० पिक्सेल दिले असशील तर तुझं चित्र १६,८०० बाय १२,६००, म्हणजे २१ कोटींच्या वर पिक्सेल, म्हणजे ८०० एमबीच्या पुढे मेमरी फक्त एका नकाशाला, वर टोकन म्हणजे खेळाडूंच्या सोंगट्या, सावल्या आणि व्हॉइस कॉल वेगळाच. बिचाऱ्याचा लॅपटॉप काय करेल. ऑनलाइन खेळायच्या सॉफ्टवेअरपैकी रोल२० मध्ये चौकोन मुळात ७० पिक्सेलचा असतो, फाउंड्रीत १००चा, तेवढंच पुरतं. ४० बाय ३० चौकोन १०० पिक्सेलने काढले तर ४,००० बाय ३,०००, म्हणजे ४८ एमबी, कोणाच्याही डब्बा लॅपटॉपवर चालेल. फाइल वेबपी (WebP) फॉरमॅटमध्ये सेव्ह कर, डाउनलोड पटकन होईल, पण मेमरी त्याने वाचत नाही हे लक्षात ठेव, ती पिक्सेल कमी केले तरच वाचते.

उंचीबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस आणि मला वाटतं खरी गडबड तिथे पण आहे. स्क्रीन सपाट असते, कितीही सावल्या टाकल्या तरी खेळणाऱ्याला कळत नाही की हा दगड गुडघ्याएवढा आहे का दोन माणसं उंच. आपल्याकडचे डोंगर या बाबतीत गेमवाल्यांवर मेहरबान आहेत. लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेले डोंगर हे, कडक थराचा उभा कडा होतो आणि मऊ थराचा उतार, म्हणून म्हसरूळकडून बघितलं तरी डोंगराच्या पायऱ्या पाडल्यासारखं दिसतं, उतार, मग कडा, मग परत सपाटी. तेवढेच तीन-चार टप्पे घे. प्रत्येक टप्प्याला वेगळा हलका रंग आणि कोपऱ्यात ठळक आकडा, ०, १, २, ३. एक टप्पा चढायला दुप्पट चाल, कडा चढायला दोर किंवा फासा टाकावा लागेल, वरून खाली मारणाऱ्याला फायदा, संपलं. कंटूर म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा काढत बसू नकोस, त्या ट्रेकला ठीक आहेत, लढाईच्या मध्यात कोणी रेषा मोजत नाही.

आणि कड्यावर निदान एक तरी अवघड पण जमण्यासारखी वाट ठेव, एखादी नाळ, कातळात खोदलेल्या खोबण्या, हरिहरच्या पायऱ्या चढला असशील तर मी काय म्हणते ते कळेल, एकावेळी एकच माणूस, हाताला खोबण, खाली बघायचं नाही. ती वाट कोणी वापरणार नाही कदाचित, पण ती आहे म्हणून वरच्यांना तिथे एक माणूस ठेवावा लागतो, आणि दरवाज्यावरचा एक माणूस कमी होतो. एका रेघेत एवढं काम होतं.

चौकोन का षटकोन हा प्रश्न तू विचारला नाहीस पण कोणीतरी विचारणारच. चौकोनात तिरकं चालणं लबाडीचं असतं, १० चौकोन तिरके गेलास तर खरं अंतर १४ चौकोनांचं होतं आणि गेममध्ये बहुतेक वेळा १०च मोजतात. षटकोनात सहाही शेजारी सारख्या अंतरावर, म्हणून अमेरिकेतल्या बोर्ड वॉरगेममध्ये १९६१च्या सुमारास षटकोन आला तो राहिलाच. मी डोंगर, माळ, नदीला षटकोन घेते आणि वाडे, गल्ल्या, खोल्यांना चौकोन, कारण भिंती काटकोनात असतात आणि षटकोनावर भिंत काढली की अर्धी खोली कुठल्या खान्यात यावरून वाद होतात. तुझ्या दमदम्याला चौकोन चालेल, कड्याला षटकोन बघ.

माझी फजिती पण सांगते म्हणजे तुला बरं वाटेल. मी सुरुवात केली तेव्हा हे ऑनलाइन वगैरे काही नव्हतं आमच्याकडे, मेन रोडवरून ग्राफपेपर आणायचा आणि पेन्सिलीने काढायचं. तिवंधा-भद्रकालीकडचे वाडे बघून मी एक वाडा काढला, चौक, ओसरी, माजघर, बाळंतिणीची खोली सुद्धा, आणि दार एक. एकच. आमच्यातल्या एकाने त्याचा सगळ्यात जाडजूड सरदार त्या दारात उभा केला आणि तो तिथून हललाच नाही, दीड तास. आत पाच, बाहेर नऊ, आणि लढतायत दोघं, बाकीचे शेंगदाणे खातायत. खरे वाडे असे नसतात हे मला नंतर सुचलं, पुढे एक दार, मागे परसदार, ते वेगळ्याच गल्लीत उघडतं, माळवदावरून शेजारच्या माळवदावर जाता येतं. तेव्हापासून नकाशा झाला की मी बोट ठेवून बघते की या जागेतून निघून माघारी न फिरता परत याच जागी येता येतं का. असा एक तरी गोल पाहिजे, दोन असले तर फारच छान. नसेल तर जो आधी अडवेल तो जिंकेल आणि बाकीचे शेंगदाणे खातील.

आता रंगाचं, ते पटकन. तुझ्या दगडांच्या सावल्या छान असतील, पण त्यावर टोकन दिसतं का? नकाशा फिका, टोकन गडद. नकाशा एकदा ब्लॅक अँड व्हाइट कर आणि फोनवर उघड, तुझ्या पाचातला एकजण नक्कीच फोनवरून खेळतोय. भिंत कुठली, उतार कुठला, आडोसा कुठला हे तेवढ्यात कळलं तर पास.

सुंदर काढायची हौस वाईट नाही हां, मी हौशीच्या विरोधात नाही. पण यावर एक जुनी बाप-लेकाची गोष्ट आहे. प्रशियात फॉन रायस्विट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ मध्ये राजाला लढाईचा खेळ करून दिला, केवढं मोठं टेबल, त्यावर जमिनीचे सुटे तुकडे, नदी, टेकड्या, गावं, सगळं घडवलेलं, शोभेची वस्तूच. राजवाड्यात राहिलं ते. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता, आपल्या देवळालीच्या लोकांसारखा, त्याने १८२४ मध्ये तोच खेळ साध्या कागदी नकाशावर आणला, १:८,००० मापाचा, आणि मध्ये एक पंच बसवला जो ठरवायचा की कोणाला काय दिसतं. सैन्यात पसरला तो हा कागदी खेळ. टेबलावर सगळ्यांना सगळं दिसायचं, आणि पंच आल्यावर निम्मं दिसेनासं झालं, मजा तिथून सुरू झाली.

तू तो पंच आहेस. तुझ्याकडे तर नकाशा झाकायची सोय पण आहे, भिंतीच्या रेषा टाकल्या की प्रत्येकाला आपापल्या टोकनपुरतंच दिसतं. कड्याच्या रात्रीच्या नकाशावर ते वापर, मशाल ज्याच्या हातात त्यालाच २०-३० फूट दिसेल, पण मशालवाला सगळ्यांना दिसेल. फक्त दिवसाच्या नकाशावर उगाच अंधार करू नको, मग प्रत्येकजण "मला काय दिसतंय" विचारत बसतो.

एक आयडिया माझ्याकडून, रामशेज संपला की करून बघ. गोदाघाट. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण सगळे काय विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? पायाला, कमरेला, छातीला. तोच तुझा राउंड मोजायचा काटा. घाटाच्या पायऱ्या म्हणजे उंचीचे टप्पे आयतेच, ०, १, २, ३. दर तिसऱ्या राउंडला पाणी एक टप्पा चढतं, खालचे चौकोन गायब, खालच्या पुलावरून जायची वाट बंद, होड्या सुटतात. सुरुवातीला जी जागा सगळ्यात सोयीची वाटत होती तीच बुडते आणि जो दारात ठाण मांडून बसतो त्याला पाणीच उठवतं. चित्र एकच, निळा पारदर्शक थर चार वेगळ्या उंचीचा, बस. फक्त नावं बदल, देवळं कापूराच्या वासासकट तिथेच राहू दे पण तलवारी गाभाऱ्यात नेऊ नको, माझी मामी पंचवटीत राहते आणि तिला मी काय करते ते कळतं कधीकधी.

जुना नकाशा टाकून देऊ नकोस. त्याच्यातून दरवाजा आणि त्याच्या समोरचा उतार एवढा तुकडा काप, मागचा कडा काप, दोन नकाशे निम्मे तयार आहेत. उरलेला लहान करून नुसता दाखवायला ठेव, गेम सुरू करताना "हा रामशेज, आपण इथे आहोत" म्हणायला, त्यासाठी तो भारीच आहे.

आणि त्या मित्राचं. ग्रुपवर काही लिहू नको, ग्रुपवर लिहिलं की सगळे अंगठा दाखवून गप्प बसतात. त्याला एकट्याला फोन कर, सांग की तू बरोबर बोललास, मला राग आला होता पण आता नाही, आणि शनिवारी सकाळी मिसळ खायला बोलाव. सोबत ग्राफपेपर ने. दमदम्याचा नकाशा पेन्सिलीने काढ, नुसते चौकोन, गोल आणि आकडे, टोकन म्हणून शेवेच्या डब्याची झाकणं चालतील, आणि त्याला हल्ला करू दे, तू राख. दोन-तीन राउंड खेळा. तो कुठे अडकतो, कुठे "थांब थांब" म्हणतो, कुठे विचार करून ओठ चावतो ते बघ, बोलू नकोस, समजावू नकोस, नुसतं बघ. जिथे तो विचारच न करता सरळ चालत जातो तिथे काहीतरी ठेव, आणि जिथे पाच मिनिटं अडकतो तिथलं काहीतरी काढ. मग घरी जाऊन कॉम्प्युटर उघड. एका वीकेंडच्या वर एक मिनिट द्यायचं नाही, झाडांना सावली नाही दिली तरी चालेल.

तर्री जपून घे, ग्राफपेपरवर सांडली की पुसत नाही.

– तुझी ताई